‘अनचेन्ड मेलडी’ आधी कोणी गायलं?

‘अनचेन्ड मेलडी’ तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकलंच असेल. ‘घोस्ट’ सिनेमात वाजतं ते रायचस ब्रदर्सचं, १९६५ चं रेकॉर्डिंग. पण हे गाणं सिनेमात पहिल्यांदा आलं १९५५ मध्ये. सिनेमा तुरुंगावरचा, नाव ‘अनचेन्ड’. कैद्याच्या भूमिकेत गाणारा माणूस म्हणजे टॉड डंकन.

डंकन मूळचा ऑपेरातला बॅरिटोन. म्हणजे काय? पुरुषांच्या आवाजात उंच तो टेनर, खोल तो बेस आणि या दोघांमधला बॅरिटोन. ऑपेरात हीरो बहुतेक वेळा टेनर असतो. बाप, खलनायक वगैरे बॅरिटोनच्या वाट्याला. आणि हे सगळं माइकशिवाय बरं का!

जन्म १९०३, केंटकी राज्यातलं डॅनव्हिल. पुढे तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गाणं शिकवायचा. कृष्णवर्णीय गायकाला तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या ऑपेरा कंपन्यांत जागाच नव्हती. मग जॉर्ज गर्शविनने त्याचं गाणं ऐकलं आणि ‘पोर्गी अँड बेस’मध्ये थेट पोर्गीची भूमिका दिली. न्यूयॉर्कमधला पहिला प्रयोग १० ऑक्टोबर १९३५ ला.

खरी गोष्ट पुढच्या वर्षीची. दौरा वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये आला. तिथे कृष्णवर्णीय लोक स्टेजवर चालायचे, प्रेक्षकांत नाही! म्हणजे डंकनच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही त्याला ऐकता आलं नसतं. डंकन आणि बेसची भूमिका करणारी ॲन ब्राउन, दोघंही अडून बसले. थिएटरने मधले मार्ग सुचवले, पण डंकन हटला नाही: तिकीट कोणालाही, कुठल्याही सीटचं, नाहीतर गाणार नाही. शेवटी थिएटर नमलं. पण तेवढ्या मुक्कामापुरतंच; नंतर जुना नियम परत आला.

१९४५ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात तो ‘पाल्याच्ची’मधला टोनियो झाला. तिथे गाणारा पहिला कृष्णवर्णीय गायक तोच. सगळ्यात मोठ्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने कृष्णवर्णीय गायकांसाठी दार उघडलं ते थेट १९५५ मध्ये. डंकन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. तिथे तो कधीच गायला नाही.

म्हणून त्याचं नाव मागे पडलं. आवाज कमी नव्हता, दारं उशिरा उघडली. तो मात्र शिकवत राहिला. १९९८ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, वॉशिंग्टनमध्येच गेला.

आज एक करा. ‘अनचेन्ड मेलडी’ सर्च करताना पुढे ‘टॉड डंकन’ टाका आणि हेडफोन लावून ऐका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!