दाताचा इम्प्लांट सहा प्रकारे का बसतो? उलट्या एक्स-रेपासून सममितीच्या गणितापर्यंत

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो आडवा दिसतो म्हणून आपण फोन फिरवतो, तर स्क्रीनही फिरते आणि फोटो पुन्हा आडवाच! हा वैताग तुम्हालाही माहीत असेल. परवा आमच्या घरी मात्र अशाच एका फोटोवरून जरा गंभीर प्रश्न उभा राहिला.

माझे काका आमगावला राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी नागपुरात खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवून घेतला होता. हल्ली तो दात हलायला लागला. काकूंनी जुन्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढला आणि मला पाठवला. मी तो गोंदियातल्या एका डेंटिस्टना पुढे पाठवला. त्यांनी फोनवर विचारलं, "इम्प्लांट उजव्या बाजूला आहे ना?" काका म्हणाले, "नाही बावा, डाव्या बाजूनं हाये."

काकूंनी फिल्म उलट्या बाजूने धरली होती. मी फोटो एडिटरमध्ये रोटेटचं बटण कितीतरी वेळा दाबलं. काही उपयोग नाही. का नाही, याचं उत्तर गणितात आहे.

फोटो एकूण किती प्रकारे ठेवता येतो?

एक चौकोनी कागद घ्या. चारी कडा सारख्या. तो न फिरवता ठेवा, किंवा ९०, १८०, २७० अंशांत फिरवा : हे ४ प्रकार. आता कागद पालथा घाला आणि पुन्हा तसाच फिरवा : आणखी ४. एकूण ८. नववा प्रकार नाहीच. तुमच्या फोनलाही हे माहीत आहे बरं का! प्रत्येक फोटोसोबत एक्झिफ नावाची माहिती साठवली जाते, त्यात फोटोच्या दिशेसाठी १ ते ८ असे बरोबर आठच आकडे आहेत. त्यातले १, ३, ६ आणि ८ हे साधे फिरवलेले, तर २, ४, ५ आणि ७ हे आरशातले.

गंमत अशी की एक फिरवणं आणि दुसरं फिरवणं एकत्र केलं की मिळतं तेही फिरवणंच. आरसा त्यातून कधीच निघत नाही. म्हणून रोटेट कितीही दाबा, उलटी फिल्म सुलटी होणार नाही. त्यासाठी फ्लिप किंवा मिरर हेच बटण हवं. दोनदा फ्लिप केलं तर मात्र परत साधं फिरवणंच उरतं.

अशा हालचालींचा जो बंदिस्त संच तयार होतो त्याला गणितात ग्रुप म्हणतात (व्हॉट्सअॅपच्या ग्रुपशी काही संबंध नाही). एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने समीकरणांच्या उत्तरांमध्येही असेच ग्रुप लपलेले असतात हे दाखवलं आणि १८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो द्वंद्वयुद्धात मेला. या क्षेत्रात आपल्या मराठी माणसाचंही मोठं काम आहे. पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू करणारे श्रीराम अभ्यंकर यांनी १९५७ साली गाल्वाच्या ग्रुपांबद्दल एक अनुमान मांडलं. ते सिद्ध व्हायला १९९४ उजाडलं. मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर या दोघांनी ते केलं.

एक्स-रे काढणारे लोक मात्र गणित न करता एक साधी युक्ती वापरतात. फिल्मच्या कोपऱ्यात आर किंवा एल हे इंग्रजी अक्षर ठेवतात. या अक्षरांना आरशातली सममिती नाही, त्यामुळे फिल्म उलटी धरली की अक्षरही उलटं दिसतं. इंग्रजी ओ ठेवलं असतं तर कुणाला कळलंच नसतं. काकूंच्या फोटोत नेमका तोच कोपरा कापला गेला होता.

आता इम्प्लांटकडे येऊ

इम्प्लांटचे तीन भाग असतात : हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोड म्हणजे अॅबटमेंट, आणि वर दिसणारा दात म्हणजे क्राउन. याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेचना, हाड तिला चिकटून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले.

त्या जुन्या इम्प्लांटच्या डोक्यावर षटकोन होता, सायकलच्या नटासारखा. तो मुळात पान्याने स्क्रू आत फिरवता यावा म्हणून. पुढे एकेकटा दात बसवायची वेळ आली तेव्हा तोच षटकोन क्राउन फिरू नये म्हणून कामी आला. आज बऱ्याच इम्प्लांटमध्ये हा षटकोन आतल्या बाजूला असतो.

षटकोनात अॅबटमेंट ६ प्रकारे बसतो, दर ६० अंशांवर एक. (कागदाप्रमाणे पालथा घालता येत नाही, नाहीतर १२ झाले असते.) तीन पाकळ्यांचा जोड असेल तर ३ प्रकारे. आतला जोड नुसताच गुळगुळीत शंकूसारखा असेल तर हव्या त्या दिशेने, मोजदादच नाही.

अॅबटमेंट सरळ असेल तर यातला कुठलाही प्रकार चालतो. पण हाड कमी असलं की सर्जनला इम्प्लांट तिरका घालावा लागतो आणि मग अॅबटमेंटही वाकडा लागतो. त्याचा वाक कुठल्या दिशेला यावा हे दात ठरवतो, आणि षटकोन मात्र सहाच दिशा देतो. सर्वांत वाईट प्रसंगी ३० अंशांची चूक उरते. तीन पाकळ्यांत ती ६० अंशांपर्यंत जाते. म्हणून इम्प्लांट घालतानाच षटकोनाची एक सपाट बाजू गालाकडे किंवा ओठाकडे येईल असं थांबवतात. त्यासाठी हत्यारावर खुणा असतात. थोडं पुढे फिरवायचं तर? स्क्रू फिरला की आतही जातो. आट्यांमधलं अंतर ०.६ मिलिमीटर असेल तर ६० अंशांत तो ०.१ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे दिशा जुळवायला फार खोली गमवावी लागत नाही, पण खाली नस असेल तर तेवढ्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

डिजिटल मापातही हीच अडचण येते. तोंडात फिरवायच्या स्कॅनरला हिरडीखालचा षटकोन दिसत नाही. म्हणून इम्प्लांटवर स्कॅन बॉडी नावाची दांडी लावतात. ती पूर्ण गोल असती तर इम्प्लांट किती खोल आणि किती तिरका हे कळलं असतं, पण षटकोन कुठे वळला आहे ते नाही. म्हणून दांडीची एक बाजू मुद्दाम सपाट कापलेली असते. एक्स-रेवरच्या आर अक्षराचंच हे दुसरं रूप.

मग काकांचा दात का हलत होता?

षटकोन आणि त्यावरचा जोड यांच्यात किंचित फट असतेच. त्या फटीमुळे अॅबटमेंट जितका डावी-उजवीकडे हलू शकतो, तितका आतला स्क्रू लवकर सैल होतो, असं संशोधनात दिसलं आहे. दात हलतो म्हणजे इम्प्लांट गेलाच असं नाही, अनेकदा फक्त स्क्रू सैल झालेला असतो. पण हाडातला इम्प्लांटच हलत असेल तर गोष्ट वेगळी, आणि हे तपासल्याशिवाय कळत नाही. सैल दातावर चावत राहिलं तर स्क्रू तुटूही शकतो. (आपल्याकडे खर्रा खाणारे कमी नाहीत. त्यातल्या सुपारीने तोंड उघडणं कमी झालं तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणंच अवघड होतं.)

गोंदियातल्या डेंटिस्टनी पुढचा प्रश्न विचारला : "कंपनी कुठली? जोड कुठला?" कुणालाच माहीत नव्हतं. फाइल सापडेना. कंपनीगणिक स्क्रू वेगळा, तो फिरवायचं हत्यार वेगळं, किती जोर द्यायचा तेही वेगळं. शेवटी काका दीडशेक किलोमीटर रेल्वेने नागपूरला गेले. जुन्या क्लिनिकमध्ये नोंद निघाली, इम्प्लांट पक्का होता, नवीन स्क्रू घालून दात घट्ट केला. अर्ध्या तासाचं काम, पण अख्खा दिवस गेला.

इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर लिहिलेलं स्टिकर असतं. ते रुग्णाला मागता येतं. तुमच्या घरी कुणी इम्प्लांट लावणार असेल तर त्याच दिवशी मागा आणि फोटो काढून ठेवा. काकांच्या स्टिकरचा फोटो आता आमच्या फॅमिली ग्रुपवर पिन केलेला आहे. तो आडवा आलाय, पण त्यावरची अक्षरं सुलटी आहेत, तेव्हा या खेपेला रोटेटचं बटण पुरेल.