घरी शिका, पण एकट्याने नको

काही मुलांना रोज शाळेत जाता येत नाही. एखाद्याचे पाय अधू असतात. एखादी मुलगी सातवीतच घरी बसते आणि धाकटी भावंडे सांभाळते. कोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, मग पोरही त्यांच्या मागे जाते. घरची माणसे म्हणतात, "आता कसलं शिक्षण? त्याच्या नशिबातच नव्हतं!"

मंडळी, नशिबाला बोल लावू नका. वाट असते, पण आपल्याला ती माहीत नसते. तीच वाट इथे सांगतो.

घरी शिकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्या काळी मुलींना कोणी शिकवीत नसे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या लेकीला दिली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरवले. आता पाहा, रमाबाई घरी शिकल्या खऱ्या, पण एकट्याने शिकल्या नाहीत. शिकवायला आई होती. घरी शिकणाऱ्याला अशी साथ लागतेच. आज ती कोठे मिळते?

मूल सहा ते चौदा वर्षांचे असेल, तर आधी गावच्या शाळेत जा. मोफत शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. शाळा मधेच सुटली असली, तरी मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेतले पाहिजे. मागे राहिलेला अभ्यास त्याला वेगळा शिकवला पाहिजे. जन्माचा दाखला नाही, म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. ऊसतोडीला निघताना मास्तरांकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसवा.

मुलाचे अपंगत्व फार मोठे असेल तर? २०१२ साली या कायद्यात सुधारणा झाली. अशा मुलाला घरी राहून शिकण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रात जावे. अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक असतात, त्यांची चौकशी करावी. मुख्याध्यापकांकडेही अर्ज देता येतो. अर्ज लेखी द्या आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवा.

आता मोठ्या मुलामुलींचे. दहावीच्या आधी शाळा सुटली, तरी दहावीला बसता येते. याला लोक 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. हा फॉर्म राज्याच्या परीक्षा मंडळाचा असतो. तो दर वर्षी ठरलेल्या मुदतीतच भरावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवू देऊ नका. फॉर्म भरताना जवळची एक शाळा नेमून मिळते. परीक्षा शाळेतल्या मुलांची असते तीच.

दुसरी सोय मुक्त विद्यालयाची. केंद्र सरकारने १९८९ साली ही संस्था काढली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे तिचे आजचे नाव. वयाची चौदा वर्षे पुरी झाली की तिच्या दहावीला नाव घालता येते. मराठीतूनही शिकता येते. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांची मुदत आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. शेतात राबून किंवा घरकाम करून शिकणाऱ्याला हे सोयीचे आहे.

एक जपा. "अभ्यास नको, पैसे द्या, पास करून देतो," असे सांगणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पैसेही जातात आणि खोट्या कागदापायी मुलाची नोकरीही जाते. शंका आली, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारा.

पुस्तकांचे काय? बालभारती १९६७ पासून शाळेची पुस्तके काढते. ती पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले. तेही मुलांना वाचायला द्यावे. गावात वाचनालय असेल, तर त्याचे सभासद व्हा. नसेल, तर वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुनी पुस्तके मागून घ्या. मागायला लाजू नये.

शेवटची साथ तुमची. तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ता कुठे वाचायला शिकलो, आम्ही काय शिकवणार?" पण रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ बसा. त्याला धडा मोठ्याने वाचायला लावा. एक ओळ त्याने वाचावी, एक तुम्ही वाचावी. दोघेही अडलात, तर तो शब्द वहीत लिहून ठेवा. शेजारची दहावी झालेली पोर तो सांगेल. आठवड्यातून दोन दिवस तिला घरी बोलवा. आणखी चार मुले जमली, तर अभ्यासाला सोबत होईल.

आता उद्याचे काम. शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे का, ते पाहा. नसेल, तर मुलाची जुनी शाळा गाठा आणि दाखला मागा.