शुगरच्या गोळ्या आणि ‘कमजोरी’

‘शुगरची गोळी लागली आणि सगळं थंड पडलं.’ हे ऐकून ऐकून कान किटले. सांगणारा तेही बायको खोलीबाहेर गेल्यावर सांगतो, आणि तोवर त्याने मेटफॉर्मिन परस्पर बंद करून दोन महिने लोटलेले असतात.

टाइप २ मधुमेह निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून अंगात मुरत असतो. ताठरता येण्यासाठी मज्जातंतूंचा निरोप पोचावा लागतो, नायट्रिक ऑक्साइडने रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात, मगच रक्त भरतं. वाढलेली साखर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर दोन्ही नासवते. गोळी सुरू होते तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आळ मात्र गोळीवर, कारण ती डोळ्यांसमोर असते.

इन्शुलिनवरचा आळ तर आणखी जुना. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ रुग्णांवर डीसीसीटी हा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या पुरुषांचा पुढे पाठपुरावा झाला, निष्कर्ष २०११ साली आले. ज्यांना सुरुवातीलाच थोडी गुंतागुंत होती, त्यांच्यात नेहमीच्या उपचारावरच्या ३०.८ टक्क्यांना ताठरतेची तक्रार होती. इन्शुलिनने साखर काटेकोर आवरलेल्यांत १२.८ टक्क्यांना. गुंतागुंत नसलेल्यांत ठळक फरक पडला नाही, हेही खरं. पण काटेकोर इन्शुलिनने कुणाचं बिघडलं, असं कुठे दिसलं? नाहीच.

औषधं सगळीच निर्दोष आहेत असं नाही. बीपीच्या थायाझाइड गोळ्या, जुने बीटा ब्लॉकर यांनी त्रास होऊ शकतो. डॉक्टरला सांगा, गोळी बदलून मिळते. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे लिंगावर बुरशी आणि खाज येऊ शकते. तो वेगळा त्रास, त्याला इलाज आहे.

‘वय झालं, दुसरं काय’? १४५ अभ्यासांचा २०१७ मधला आढावा सांगतो, निरोगी पुरुषांच्या तुलनेत मधुमेहींत ताठरतेच्या तक्रारीची शक्यता सुमारे साडेतीन पट. वीर्य बाहेर येत नाही? ते उलटं मूत्राशयात जात असू शकतं. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या शक्तिवर्धक पुड्यांत लपवलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, अनेकदा सापडलंय. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ते घेतलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं.

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून अडथळ्याची खूण बऱ्याचदा आधी तिथे दिसते. डॉक्टर हृदयाची तपासणी लिहून देतो, आणि पेशंट बाहेर येऊन कुरकुरतो, ‘मी विचारलं काय, हा सांगतोय काय!’