पेशींतील बांधबंदिस्ती

मुठा नदीला खडकवासल्यापाशीं धरण बांधून अडविलें तें एकोणिसाव्या शतकांत. धरणाची भिंत वरवर पाहणाराला नुसता अडथळा वाटते. वस्तुतः भिंतीच्या दोन्ही अंगांस पाण्याची पातळी सारखी नसते, आणि हा फरक हीच धरणाची खरी पुंजी. त्याच्याच बळावर कालवा दूरवर वाहतो. ता. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याची भिंतही भंगली आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. पाणी आदल्या दिवशीं होतें तेंच होतें; बांध तेवढा गेला.

प्राण्यांच्या पेशींतही अशीच बांधबंदिस्ती असते. पेशी म्हणजे चिकट रसानें भरलेली पिशवी, अशी जुनी समजूत होती. १९४५ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून पेशीचें अंतरंग दिसूं लागलें, तेव्हां तिच्यांत पडद्यांनीं आंखलेलीं दालनांमागून दालनें आढळलीं. हे पडदे स्निग्ध द्रव्याचे. जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी. परंतु ते नसते तर स्वयंपाक, धुणें आणि उकिरडा एकाच खोलींत, अशी पेशीची अवस्था झाली असती. टाकाऊ द्रव्यें पचविणाऱ्या लयकारिकांतील रस भोवतालच्या रसाहून शंभरपटीपेक्षां अधिक आम्ल असतो. दगडाच्या खाणींतील कामगारांस फुप्फुसाचा जो रोग जडतो, त्याचें मूळ येथेंच आहे. श्वासावाटे गेलेली गारेची धूळ रक्षक पेशी गिळतात, त्या धुळीनें लयकारिकेचा पडदा फाटतो, आणि आंतील पाचक द्रव्यें खुद्द पेशीवरच उलटतात.

धरणाशीं खरें साम्य मात्र तंतुकणिकांचें. पानशेत फुटण्याच्या चारच दिवस आधीं, ८ जुलै १९६१ च्या 'नेचर' नियतकालिकांत, पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. हा केवळ योगायोग; पण मोठा चमत्कारिक! मिचेलचें म्हणणें असें कीं, अन्नाच्या ज्वलनांतून मिळणारी शक्ति तंतुकणिकेंत हायड्रोजनचे विद्युद्भारित कण आंतल्या पडद्यापलीकडे उपसून टाकण्यांत खर्च होते. तेथें त्यांचा सांठा चढतो. पडद्यांत बसविलेल्या ठराविक द्वारांतून ते परत कोसळतात, आणि त्या ओघावर ए. टी. पी. हें शरीराचें रोजचें शक्तिद्रव्य तयार होतें. पुष्कळ विद्वानांस ही कल्पना प्रथम पटली नाहीं. १९७८ सालीं मिचेलला नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें द्वार पाणचक्कीसारखें खरोखरच गरगर फिरतें, हें १९९७ सालीं जपानी संशोधकांनीं प्रत्यक्ष दाखविलें.

या बांधाला गळती लागली तर काय होतें, हें अमेरिकेंतील लठ्ठ माणसांनीं मिचेलच्या आधींच अनुभवलें होतें. १९३३ नंतर तेथें डायनायट्रोफिनॉल हें औषध वजन उतरविण्यासाठीं सर्रास घेतलें जाऊं लागलें. तें कणांना द्वार चुकवून पडद्यांतूनच पलीकडे नेतें. चक्की थांबते, सारी शक्ति उष्णता होऊन वायां जाते. वजन उतरे, हें खरें. परंतु कित्येकांस मोतीबिंदु झाले आणि कांहीं ज्वराच्या तापानें दगावले. १९३८ सालीं तें बंद करण्यांत आलें. तरीही चोरट्या वाटेनें त्याची विक्री अद्याप चालते. निसर्ग हीच गळती हिशोबानें वापरतो. नवजात बालकाच्या खांद्यांमागील तपकिरी चरबींत ती मुद्दाम ठेवलेली असते आणि तिच्या ऊबेवर तें थंडींत तगतें.

भिंतीइतकेंच मोल तिच्या दरवाजांचें. मज्जातंतूच्या टोकाशीं निरोप नेणारें द्रव्य पडद्याच्या इवल्या पिशव्यांत भरलेलें असतें. पिशवी बाहेरच्या पडद्याशीं मिळाली, म्हणजे निरोप सुटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेचे सीमोर बेंझर यांनीं १९७६ सालीं उष्णतेनें लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचे कांहीं वाण वर्णिले. त्यांतील 'कोमाटोज' ही माशी गारव्यांत आणल्यावरही बराच वेळ निपचित पडून राही. तिच्यांत बिघडलेलें प्रथिन कोणतें, याचा उलगडा पुढें १९९० नंतरच्या दशकांत झाला. पिशव्या पडद्याशीं जुळविणारीं कुलुपें एकदां लागलीं कीं तीं सोडवून पुन्हा कामास लावणारें तें प्रथिन. माशींतही तेंच आणि माणसांतही तेंच!

धनुर्वाताचें विष नेमकें यांपैकीं एका कुलुपाचा तुकडा पाडतें, हें १९९२ सालीं कळलें. स्नायूंना आवर घालणारे निरोप अडकून पडतात आणि अंग धनुष्यासारखें ताठतें. अस्वच्छ हत्यारानें नाळ कापल्यामुळें एके काळीं कितीएक अर्भकें या रोगानें गेलीं. खडकवासल्याचा कालवा ज्या हडपसरवरून जातो, तेथें १९६६ सालीं निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आरंभींच्या उत्पादनांत घोड्यांच्या रक्तापासून काढलेली धनुर्वातविरोधी लसच होती. ही रक्तलस विषाला रक्तांत गांठते; तें मज्जातंतूच्या आंत शिरलें, कीं तिचा हात तेथवर पोंचत नाहीं. मग मज्जातंतू पूर्ववत् होईपर्यंत कित्येक आठवडे रोग्याला शांत खोलींत जपावें लागतें.