ठरलेल्या निकालाची निवडणूक

रायपूरच्या बूढा तालावाजवळील एका सभागृहात अलीकडेच मला व्याख्यानासाठी बोलावण्यात आले होते. विषय होता राष्ट्रपतिपद आणि राज्यघटना. चर्चेच्या अखेरीस बस्तरमध्ये शांततेसाठी काम करणारी एक तरुणी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘पराभव ठरलेला असताना कॅप्टन लक्ष्मी सहगल यांनी ती निवडणूक का लढवली? आणि आमच्यासारख्यांनी त्या राजकारणाकडे का पाहावे?’’ मी दिलेले उत्तर अपुरे होते, असे परतताना मला वाटत राहिले. ते येथे पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

ती निवडणूक २००२ च्या जुलैमधील. भाजपच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय लोकशाही आघाडीने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव पुढे केले आणि काँग्रेसनेही त्यांना पाठिंबा दिला. डाव्या पक्षांनी मात्र ८७ वर्षांच्या लक्ष्मी सहगल यांना उमेदवारी दिली. छत्तीसगढ राज्य जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान करण्याची रायपूरच्या विधानसभेची ती पहिलीच वेळ. येथील आमदार ९०, प्रत्येकाच्या मताचे मूल्य १२९. महाराष्ट्रातील आमदाराचे १७५. सत्तेवर अजित जोगी यांचे काँग्रेस सरकार, समोर भाजप आणि दोघांचा उमेदवार एकच. निकाल लागला तेव्हा डॉ. कलाम यांना ९,२२,८८४, तर सहगल यांना १,०७,३६६ मतमूल्य मिळाले होते.

लक्ष्मी सहगल यांना शांतता कार्यकर्त्या असे सहसा म्हटले जात नाही. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतील झाशीची राणी पलटणीच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्या नावामागचे ‘कॅप्टन’ तेथूनच आले. परंतु युद्धानंतरचे त्यांचे आयुष्य हिंसेने होरपळलेल्यांच्या शुश्रूषेत गेले. कानपूरमध्ये त्यांनी फाळणीच्या निर्वासितांवर उपचार केले, १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्यांच्या छावण्यांत त्या राबल्या. १९८४ च्या शीखविरोधी दंगलीत कानपुरात शांतता राखण्यासाठी त्या धडपडल्या आणि त्याच वर्षी वायुदुर्घटनेनंतर वैद्यकीय पथक घेऊन भोपाळला गेल्या.

डॉ. कलाम यांची विद्वत्ता आणि लोकप्रियता यांविषयी दुमत नव्हते. म्हणूनच अनेकांना ही लढत अनाठायी वाटली. सर्वोच्च पदासाठी एकमत असावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो तेव्हाही पटला नव्हता. गुजरातमधील हिंसाचाराला काही महिनेच झाले होते. अशा वेळी राष्ट्रपतींनी राज्यघटनेच्या रक्षणासाठी नेमके काय करावे, हा प्रश्न उघडपणे विचारला जाणे आवश्यक होते. उमेदवार एकच असता, तर तो विचारण्याचे निमित्तच उरले नसते.

छत्तीसगढपुरते बोलायचे तर हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाविषयी राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा असतो. बस्तर हे असेच क्षेत्र. तेथे २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाले, गावे ओस पडली, आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली ती जुलै २०११ मध्ये. मधल्या सहा वर्षांत रायपूरच्या राजभवनातून दिल्लीला कोणते अहवाल गेले आणि ते वाचून काय विचारले गेले, याचा जाब कोणत्याही निवडणुकीत कोणी मागितला नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, हे खरे. पण माहिती मागवण्याचा आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे.

त्या तरुणीची शंका एका बाबतीत रास्त होती. १९९७ पासून राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि तेही खासदार-आमदारांपैकीच. मोठ्या पक्षांच्या आधाराविना कोणीही कार्यकर्ती त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकत नाही. सहगल यांच्यामागेही पक्ष होतेच. मात्र या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश बंधनकारक नसतो. म्हणजे रायपूरमधील प्रत्येक आमदाराला आपल्या विवेकानुसार मत देण्याची मोकळीक आहे. त्या विवेकाला आवाहन करण्याचा अधिकार मतदारांना आहे आणि तो आपण जवळजवळ कधीच वापरलेला नाही.

आज राष्ट्रपती भवनात एक आदिवासी महिला आहे. पुढील निवडणूक २०२७ च्या जुलैमध्ये होईल. त्यापूर्वी बस्तरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांकडे जावे आणि विचारावे : तुमचा उमेदवार पाचव्या अनुसूचीचे अहवाल वेळेवर मागवील का, ते लोकांसमोर यावेत असा आग्रह धरील का? निकाल तेव्हाही ठरलेला असू शकेल. पण उत्तर द्यावे लागलेला आमदार आणि न विचारलेला आमदार यांत फरक असतो.

पराभवानंतर लक्ष्मी सहगल कानपूरच्या आपल्या दवाखान्यात परतल्या आणि नव्वदी ओलांडल्यावरही रुग्ण तपासत राहिल्या. निवडणूक हा त्यांच्या कामाचाच एक भाग होता. त्या तरुणीला मी हे सांगायला हवे होते.