तार तोडली, पण पाइप?

सबमिशन आणि व्हायवाच्या कचाट्यातून सुटलं तरी नारपोलीत राहणाऱ्याच्या कानात एक आवाज उरतोच, यंत्रमागांचा खडखडाट! वाटतं, मोबाईल बंद करावा आणि पाण्यावरच्या घरात दोन दिवस नुसतं पडून राहावं. केरळच्या हाऊसबोटी सगळ्यांना माहीत आहेत. आपल्याकडेही तारकर्लीला कर्ली खाडीत एमटीडीसीने हाऊसबोटी आणल्या होत्या. पण विजेची तार नसलेलं घर चालतं कसं?

आधी तरंगणं बघू. केरळची मूळ बोट म्हणजे केट्टुवल्लम, भात वाहून नेणारी होडी. तिच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवतात. गणित मात्र आपल्या आर्किमिडीजचंच. सोयीसाठी बोट २० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि आयताकृती धरा. क्षेत्रफळ ८० चौ. मी. म्हणजे १ टन वजन वाढलं तर बोट जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली जाते. फक्त सगळ्यांनी फोटोसाठी एकाच बाजूला धावू नये!

आता वीज. ९ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास : १८० वॅट-तास. ३० वॅटचे २ पंखे १० तास : ६००. पाण्याचा पंप वगैरे : १२०. बेरीज ९००, म्हणजे दिवसाला एक युनिटही नाही! १ किलोवॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात रोज साधारण ४ युनिट देतं. ढगाळ दिवसांसाठी १२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच वापरल्या तरी दोन दिवस निघतात. पण कुणी एसी मागितला की संपलं. रात्रभरात तो ८-१० युनिट सहज खातो. मग डिझेल जनरेटर आला, म्हणजे पुन्हा खडखडाटच!

खरी गोम पुढेच आहे. तारेबरोबर गटाराचा पाइपही तुटलेला असतो. संडासचं पाणी तसंच खाली सोडलं, तर घाण कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. केरळचं वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर यादीत आहे, तरी हाऊसबोटींच्या सांडपाण्याचा प्रश्न तिथे आहेच. उपाय अवघड नाहीत. बोटीत बंद टाकी ठेवायची आणि ती किनाऱ्यावर रिकामी करून पाण्यावर प्रक्रिया करायची. किंवा डीआरडीओने विकसित केलेलं, रेल्वेच्या डब्यांत असतं तसं बायो-टॉयलेट बसवायचं. त्यातले जिवाणू हवेशिवाय मैला पचवतात.

सांडपाण्याने पाण्याचं काय होतं ते बघायला भिवंडीकराला लांब जायला नको, आपली कामवारी नदी आहेच. तेव्हा हाऊसबोट बुक करताना ‘एसी आहे का?’ याआधी ‘टाकी कुठे रिकामी करता?’ हे विचारा. आपल्याला शांतता मिळावी आणि माशांचा श्वास कोंडावा, हा सौदा काही बरा नाही. बघा, पटतंय का!