शेतावरील क्वाड बाईक : तिचा तोल आणि तिच्यातील फेरफार

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील पशुपालक पूर्वी आपल्या विस्तीर्ण कुरणांवरून घोड्यावर बसून हिंडत असत. आज त्यांपैकी अनेकांच्या कोठाराशेजारी घोड्याऐवजी एक बुटके, फुगीर टायरांचे चारचाकी वाहन उभे असलेले दिसते. चालक त्यावर घोडेस्वाराप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि मोटारसायकलीसारखी मूठ धरून ते वळवितो. त्या देशांत या वाहनास क्वाड बाईक म्हणतात. अमेरिकेत ते ए. टी. व्ही. या नावाने ओळखले जाते. कुंपणाच्या तारा तपासणे, आजारी कोकरू घरी आणणे, तणनाशक फवारणे, मेंढ्यांचा कळप हाकणे, अशी नाना प्रकारची कामे त्याच्याकडून करून घेतली जातात.

या वाहनाचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या होंडा कारखान्याने १९७० साली अमेरिकेत आपले तीनचाकी वाहन विक्रीस आणले. ते मौजेचे होते, पण वळणावर ते सहज कलंडत असे. अपघात वाढत गेल्यामुळे १९८८ साली तेथील सरकार व कारखानदार यांच्यात तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद पडली. तत्पूर्वीच, १९८२ साली, सुझुकी कारखान्याने चारचाकी रूप पुढे आणले होते. १९८६ साली होंडाने चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोहोचविणारे वाहन काढले, आणि हे खेळणे खऱ्या अर्थाने शेतीचे अवजार झाले. पुढे तैवान व चीन येथील कारखान्यांनी पुष्कळच कमी किंमतीची वाहने बाजारात आणली. बेताच्या ऐपतीचा शेतकरी असे स्वस्त वाहन विकत घेतो आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात भर घालतो : पुढे-मागे सामानाची चौकट, फवारणीची टाकी, चिखलातून बाहेर पडण्यासाठी ओढयंत्र, मागे लहानशी गाडी. परंतु प्रत्येक फेरफाराबरोबर वाहनाचा तोल बदलतो आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही.

तो का बदलतो हे समजण्यासाठी प्रथम या वाहनाची घडण पाहिली पाहिजे. त्याच्या टायरांत हवा अतिशय कमी असते. मोटारीच्या टायरात चौरस इंचास सुमारे तीस पौंड दाब ठेवतात. येथे तो पाच पौंडांच्या आसपास असतो. त्यामुळे टायर मऊ राहून जमिनीवर पसरतो, चिखलात रुतत नाही व गवताची हानी कमी करतो. दुसरी गोष्ट मागच्या आसाची. मोटार वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून मोटारीच्या आसात दात्यांची एक विशिष्ट रचना असते. शेतावरील पुष्कळ क्वाड बाईकांच्या मागच्या आसात ती नसते. दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, आणि वाहन सरळच जाऊ पाहते. ते वळवावयाचे तर आतले चाक जमिनीवर थोडे घसरले पाहिजे. यासाठी चालकाला बाहेरच्या पायावर भार देऊन धड मात्र वळणाच्या आतल्या बाजूस झुकवावे लागते. सैल मातीवर किंवा गवतावर हे साधते; डांबरी रस्त्यावर टायर घट्ट पकड धरतो आणि वाहन अडखळते. म्हणूनच हे वाहन सडकेसाठी नव्हे.

थोडक्यात, मोटारीत बसणारा मनुष्य हा तिचा उतारू असतो, तर क्वाड बाईकवर बसणारा मनुष्य हा तिच्या तोलाचाच एक भाग असतो. त्याचे वजन वाहनाच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भरते.

आता एक साधा हिशेब करून पाहू. समजा, वाहनाचे वजन २७० किलोग्रॅम असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर आहे. डाव्या व उजव्या टायरांच्या मध्यांतील अंतर ८४ सेंटिमीटर धरू. म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक टायर ४२ सेंटिमीटरांवर आला. वाहन आडव्या उतारावर उभे असता गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा जोपर्यंत खालच्या टायराच्या आत पडतो तोपर्यंत ते उभे राहते. तो बाहेर गेला की ते कलंडते. रिकामे वाहन या हिशेबाने सुमारे ४३ अंशांच्या उतारापर्यंत तग धरील. त्यावर ८० किलोग्रॅम वजनाचा चालक बसला, आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आला, तर दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य ५८ सेंटिमीटरांवर चढतो आणि उताराची मर्यादा ३६ अंशांवर येते. आता मागच्या चौकटीवर ६० लिटर पाण्याची टाकी बसवा. तिचा मध्य एक मीटर उंचीवर धरला तर एकूण गुरुत्वमध्य ६४ सेंटिमीटरांवर जातो आणि मर्यादा ३३ अंशांवर उतरते.

अनुभवी चालक चढाच्या बाजूस वीस सेंटिमीटर झुकला तर टाकी नसताना त्याला तीन अंशांचा लाभ होतो. टाकीने नेमके तेवढेच अंश हिरावून घेतलेले असतात. म्हणजे टाकी घेऊन फिरणाऱ्याने सतत झुकलेले राहावे, तेव्हा कुठे तो ताठ बसलेल्या बिनटाकीच्या चालकाच्या बरोबरीस येतो; आणि फवारणी करणाऱ्याचा तर एक हात बहुधा नळीवर गुंतलेला असतो. शिवाय वरील हिशेबात वाहन दगडासारखे ताठ मानले आहे. प्रत्यक्षात उताराच्या बाजूची स्प्रिंग दबते, मऊ टायर चेपतो, आणि खरी मर्यादा याहून बरीच खाली येते. चाक एखाद्या दगडावर चढले किंवा खड्ड्यात गेले की उरलेले अंश क्षणात संपतात.

पाणी स्थिर नसते हीही अडचण आहे. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी कित्येकदा अधिक घातक ठरते, कारण वजन कमी असले तरी पाणी उताराच्या बाजूस धावते आणि वाहन सावरण्याच्या ऐन वेळी त्याला खाली ढकलते. टाकीच्या आत आडवे पडदे असले तर हे धावणे मंदावते. स्वस्त टाकीत ते नसतात. टाकी घेताना झाकण उघडून आत डोकावून पाहणे बरे.

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे शास्त्र निराळ्या शब्दांत ठाऊक असते. ओझे मागे अधिक झाले तर गाडी उलाळते, पुढे अधिक झाले तर ती धुरजड होते. क्वाड बाईकचेही तसेच आहे. मागच्या चौकटीवर ओझे रचून उभा चढ चढू लागल्यास पुढची चाके हलकी होतात, मूठ फिरवूनही वाहन वळेनासे होते आणि शेवटी ते चालकाच्या अंगावर मागे उलटते. ओंडका ओढण्यासाठी दोर मागच्या उंच चौकटीला बांधणे ही याच जातीची चूक होय. ओढीची रेषा आसाच्या वर गेली की ती वाहनाचे तोंड वर उचलते. दोर कारखान्याने दिलेल्या खालच्या जोडकडीलाच बांधावा. टाकीसुद्धा पाठीवर घेण्याऐवजी मागच्या बुटक्या गाडीत ठेवली तर तिचे बहुतेक ओझे गाडीच्या चाकांवर पडते. मात्र उतारावर ही गाडी वाहनाला पुढे रेटते; तेव्हा तीही हलकी व वाहनाच्या मानाने बेताची असावी.

सर्वच फेरफार तोलाला मारक असतात असे नाही. चाक व त्याची बैठक यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालून चाके बाहेर सरकविता येतात. वरच्या उदाहरणात प्रत्येक बाजूस चार सेंटिमीटर मिळाले तर टाकीने घेतलेले बहुतेक परत येते. याची किंमत चाकाच्या बेअरिंगला व बोल्टांना द्यावी लागते, कारण त्यांवरील ताण वाढतो. याउलट, दिसायला रुबाबदार म्हणून मोठ्या व्यासाचे टायर बसविणारे लोक नकळत गुरुत्वमध्य उचलतात, आणि एंजिनाच्या ओढीलाही खीळ घालतात. पोटाखाली बसविलेला धातूचा पत्रा मात्र दोन्ही अंगांनी उपकारक होय : तो दगडांपासून रक्षण करतो आणि त्याचे वजनही खालीच राहते.

ओढयंत्राविषयी थोडे सांगावयाचे तर, त्यावर लिहिलेली ओढशक्ती दोराचा रिळावर एकच थर असतानाची असते. थर चढत गेले की रीळ जाड होते व ओढ घटते. शिवाय पूर्ण ताकदीने ओढताना ते शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह खेचू शकते, आणि या वाहनातील विजेरी लहान असते. म्हणून एंजिन चालू ठेवून, थांबत थांबत ओढावे.

स्वस्त वाहनाचे दोष बहुधा एंजिनात नसून जोडणीत असतात. पहिल्या काही तासांच्या वापरानंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळणे, विजेच्या जोडण्यांना पाणी लागू नये म्हणून ग्रीस लावणे, ही कामे नव्या मालकाने स्वतः करावीत. या वाहनांत चाकांना शक्ती पोहोचविणारा एक रबरी पट्टा दोन कप्प्यांमध्ये फिरत असतो. जड ओझे घेऊन हळू चालताना वेगवान गिअर ठेवला तर पट्टा घसरून तापतो व जळतो. अशा वेळी मंद गिअरच वापरावयाचा असतो. ओढ्यातून जाताना पाणी आत शिरले तर हाच पट्टा ओला होऊन घसरू लागतो, आणि चढावर वाहन मागे सरकू लागते. तोलाचा प्रश्न असा पट्ट्यापर्यंत पोहोचतो.

ऑस्ट्रेलियात या वाहनांच्या अपघातांत दरवर्षी दहाहून अधिक माणसे मरण पावत आली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू वाहन उलटल्यामुळे होत. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी कलत्या फलाटावर वाहने ठेवून ती कोणत्या अंशाला कलंडतात हे मोजले, तसेच मृत्यूंच्या नोंदीही तपासल्या. त्यांत एक विदारक गोष्ट आढळली. वाहनाखाली सापडलेल्या कित्येकांना प्राणघातक जखम झालेलीच नव्हती. छातीवर पडलेल्या वजनामुळे श्वास घेता न आल्याने ते गुदमरून गेले होते. एकट्याने काम करणाऱ्या शेतकऱ्याची हाक ऐकण्यास कुरणावर कोणी नसते.

यावर उपाय म्हणून चालकाच्या पाठीमागे उभी कमान बसविण्याची कल्पना पुढे आली. ऑस्ट्रेलियातील ‘क्वाडबार’ ही केसांच्या आकड्यासारखी वाकविलेली नळी असते, तर न्यूझीलंडमधील ‘लाइफगार्ड’ ही सुट्या कड्यांची लवचिक कमान असते. ती वाहनाला उलटण्यापासून वाचवीत नाही. उलटलेले वाहन व जमीन यांच्यामध्ये माणसाला श्वास घेण्यापुरती पोकळी ठेवते. कमानीमुळेच इजा होईल असा आक्षेप कारखानदारांनी घेतला आणि वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर ऑस्ट्रेलियाने २०१९ साली सुरक्षामानक ठरविले. त्यान्वये ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाईकला अशी कमान असलीच पाहिजे, आणि आडव्या कलात २८.८१ अंशांपर्यंत व पुढे-मागे ३८.६५ अंशांपर्यंत तिने तोल राखला पाहिजे. काही नामांकित कारखान्यांनी तेथे ही वाहने विकणेच थांबविले. कमान बसवून विकण्यास तयार असलेल्यांत चिनी बनावटीचे स्वस्त वाहन होते. न्यूझीलंडने सक्ती केली नाही, परंतु २०१९ पासून तेथील सरकारी सुरक्षा खात्याने कमानीची आग्रहाने शिफारस केली आहे.

जुन्या वाहनाला ही कमान मागाहून बसविता येते. ती मागच्या जोडकडीशी व चौकटीशी बोल्टांनी पक्की करतात, आणि टाकी मागे असली तर तिची जागा त्याप्रमाणे बदलावी लागते. अनेक शेतकरी टाकीची जागा शोधता शोधता ती मागच्या गाडीत हलवितात.